आमच्या रानावरचं आरक्षण

आमच्याकडं घरातलं माणूस गेलं की त्याला स्वतःच्या रानात अग्नी देतात. तिथं मग हातभर उंचीचा चौथरा बांधतात आणि सणावाराला नैवेद्य ठेवतात. गावाला लागून असलेल्या आमच्या तुकड्यात असे तीन चौथरे आहेत, आजोबांचा, आजीचा आणि आईचा. आईच्या शेजारी वडिलांनी चार पावलं जागा मोकळी सोडली होती. तिथं ते कधी काही पेरत नसत.

गावात नगरपंचायत झाली आणि काही वर्षांनी विकास आराखड्याचं काम निघालं. राहायची वस्ती कुठवर, शेती कुठून, बाजार, रस्ता, बाग कुठं, हे सगळं नकाशावर ठरणार होतं. त्याआधी आज कोणत्या जमिनीवर काय आहे याची नोंद करायला दोन तरुण आले. वडिलांनी त्यांना बाजेवर बसवलं, पेरू कापून दिले.

"आजोबा, हे चौथरे कसले?"

"माझे आई-वडील हायत. ती आमची मंडळी. अन् ती मोकळी जागा माझी."

"म्हणजे जाळतात इथंच?"

"मग? रानातच देतेत की आमच्यात."

त्यातल्या एकानं हातातल्या टॅबवर काहीतरी टिपलं. सरकारी माणसानं आपल्या माणसांची चौकशी केली, याचं वडिलांना त्या दिवशी समाधान वाटलं होतं. हे आठवलं की मला अजून राग येतो, त्या पोरांपेक्षा जास्त त्या समाधानाचा.

प्रारूप नकाशा नगरपंचायतीच्या भिंतीवर लागला. वस्तीचा पिवळा रंग ओढ्याच्या कडेनं सरळ येत होता, आमच्या बांधापाशी आत वळत होता आणि आम्हाला वळसा घालून पलीकडं पुन्हा सरळ जात होता. पलीकडचे प्लॉट एका नगरसेवकाच्या मेव्हण्याचे. आमच्या सबंध गटावर तिरप्या रेघा होत्या. खाली लिहिलं होतं, स्मशानभूमी, विद्यमान व विस्तार.

तीन चौथऱ्यांवरून त्यांनी गावाचं स्मशान केलं होतं. उद्या जमीन संपादन झाली की आईच्या चौथऱ्याशेजारी पत्र्याची शेड उभी राहणार, आणि कोणाचीही तिरडी तिथं उतरणार.

लिहिण्या-वाचण्यात माझं आयुष्य गेलेलं, म्हणून हरकत मी लिहिली. सुनावणीला सभागृहात टेबलामागं समिती बसली होती. मधले साहेब वडिलांना म्हणाले, "काका, स्मशानभूमी सार्वजनिक सोय आहे. तिला विरोध कसा करता?"

"साहेब, तुमच्या देवघराला उद्या कुणी गावचं देऊळ म्हणलं तर तुम्हाला चालंल का?"

"देवघरात माणसं जाळत नाहीत, काका."

सगळे हसले. मागं नंबर लावून बसलेले, ज्यांच्या स्वतःच्या रानात असेच चौथरे आहेत, तेही हसले. वडील खाली बसले. साहेब म्हणाले, "बरं, स्थळपाहणी करतो. प्रत्यक्ष वापर काय दिसतो त्यावर ठरेल." तिथून आम्ही थेट रानात गेलो आणि दिवस मावळेपर्यंत थांबलो. साहेब आजच आले तर कुणीतरी असावं, असं वडिलांचं म्हणणं. कुणी आलं नाही. पुढं रोज ते चौथऱ्यांभोवतीचं गवत काढत राहिले.

पावसाळा संपता संपता एका सकाळी वडील गेले. चहा मागितला आणि तो येईपर्यंत संपलं.

अंगणात माणसं जमली. धाकटे चुलते मला बाजूला घेऊन म्हणाले, "कुठं न्यायचं ते सांग. रानात नेलं तर राख दिसंल. उद्या तो साहेब पाहणीला आला अन् म्हणला, हे बघा, अजून जाळतेत, तर काय तोंड दाखवणार हायस?"

आत्यानं ते ऐकलं. "आरं, वैनीशेजारी जागा ठिवलीय की रं त्यानं. सोताच्या हातानं ठिवलीय."

"जमीन गेल्यावर वैनी बी ऱ्हात न्हाय तिथं," चुलते म्हणाले.

सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, गावाच्या जुन्या स्मशानभूमीत नेऊ. आईची जागा वाचवायची म्हणून मी वडिलांना तिच्यापासून लांब नेलं. पत्र्याच्या शेडखाली, आधीच्या कुणाची तरी राख बाजूला सारून, मी त्यांना अग्नी दिला. आत्या त्या दिवसापासून माझ्याशी धड बोललेली नाही. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

अंतिम नकाशा लागला तेव्हा आमचा गट पिवळा झाला होता. ओळखीचे लोक हात मिळवत होते. जागेला आता भाव येणार म्हणत होते. मी आत जाऊन आमच्या हरकतीची फाइल बघायला मागितली. त्यात साहेबांचा शेरा होता: स्थळपाहणी केली, खासगी समाध्या आढळल्या, आरक्षण वगळावे. खाली सही आणि तारीख. तारीख सुनावणीच्याच दिवसाची होती.

म्हणजे आम्ही रानात वाट बघत होतो, त्याच दिवशी इथं खुर्चीवर बसून पाहणी झाली होती. वडील जाण्याच्या चार महिने आधी आमचं रान सुटलं होतं.

"हे आम्हाला कळवलं का नाही?" मी लिपिकाला विचारलं.

"प्रत्येकाला कुठं कळवत बसू, सर? शेवटी भिंतीवर लागतंच की. अन् निकाल तर तुमच्याच बाजूनं झालाय. भांडताय कशाला?"

माझा आवाज आयुष्यात फारसा चढलेला नाही. त्या दिवशी चढला. बाहेरची माणसं दारात येऊन उभी राहिली. मग मी खाली बसलो आणि त्या शेऱ्याच्या नकलेसाठी अर्ज मागितला. अर्जात एक रकाना होता, नक्कल कशासाठी हवी. मी लिहिलं: या कार्यालयाने निर्णय न कळवल्यामुळे माझ्या वडिलांचा अंत्यविधी भलत्या जागी झाला, यासाठी.

लिपिकानं ते दोनदा वाचलं. "असलं कारण चालत नाही, सर. घरगुती काम म्हणून लिहा."

"कारण तेच राहील," मी म्हणालो. "आवक नंबर टाका."