पाटाची कड

बिद्रीच्या शिवारात पिराजीच्या पाटाच्या कडेवर पाय द्यायची कुणाची छाती नव्हती. ओली कड ढासळली की पाणी भलत्याच सरीत शिरायचं, आणि मग पिराजीचं तोंड सुटायचं. "पावणं, उडी मारा, कडंला पाय नगं!" हे तो उसाच्या पलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात सोयऱ्यांनाही सुनावायचा. त्याची लेक अनुजा पळायला शिकली ती पाट ओलांडतच.

कॉलेजात ती स्टीपलचेस धावू लागली. प्रत्येक फेरीत एका आडव्या लाकडापलीकडे पाण्याचा खड्डा, लाकडाशी खोल नि पुढं उथळ होत गेलेला. लाकडावर पाय रोवायचा, स्वतःला लांब लोटायचं, एक पाऊल उथळ पाण्यात आणि दुसरं थेट कोरड्यात. पण अनुजाचा पाय लाकडावर पडेल तर शपथ. ती वरूनच उडी घ्यायची आणि खोल पाण्यात धपकन उतरायची. शिकवणाऱ्या सुष्मिता मॅडम सांगून सांगून थकल्या.

आज कोल्हापुरात राज्याच्या संघासाठी निवड होती. जागा एकच. पिराजी लेकीची शर्यत पहिल्यांदाच बघत होता. अनुजा सगळ्यांच्या पुढं होती, पण पाण्यात उतरली आणि थांबल्यासारखी झाली, दोघी-तिघी तिला मागं टाकून गेल्या. पुढच्या फेरीत तेच झालं. लाकडाजवळ येताच तिनं पाय आखडून घेतलेला पिराजीला दिसला. ती सवय त्याच्याच घरची होती.

तो कुंपणाशी धावला. ती वळणावर येताच त्यानं शेतातला तोच आवाज काढला. "अनुजा, कडंवर पाय दे! न्हाय ढासळत ती!"

तिनं पाय दिला.

पिराजीनं जन्मभर उड्या पाहिल्या होत्या, अशी कधी पाहिली नव्हती. लाकडावरून ती उठली आणि खालचं पाणी नुसतं मागं मागं जात राहिलं. एक पाऊल ओलं झालं न झालं, तोवर दुसरं बाहेर पळतही होतं. आपल्या घरात हे एवढं मोठं काही वाढलं आणि आपल्याला पत्ताच नाही, असं त्याला वाटलं. मग प्रत्येक फेरीला ती तशीच उठली. शेवटच्या पाण्यावर तिनं सगळ्यांना मागं टाकलं आणि जागा तिलाच मिळाली.

ती निथळत त्याच्यापुढं आली. "आबा, कडंवर पाय दिला मी."

पिराजी खाली बसला आणि खांद्यावरच्या टॉवेलानं तिचे पाय पुसू लागला.

"आता कुठं बी दे," तो म्हणाला.