शेणातला शे

साल दोन हजार चौदा. मी अठ्ठावन्न वर्षांचा. हेडमास्तरसाहेबांनी खुंटीवरचा पाळकांचा काळा झगा काढला आणि माझ्या हातावर टाकला. म्हणाले, "झगा पाहिजे होता ना तुला? घे. धुऊन, इस्त्री करून आण. उद्या उपासनेला लागेल."

कमिटीचे तिघंही हसले. मी म्हणालो, "हो साहेब."

ते 'हो' मला अजून टोचतं. म्हणून लिहितो.

मी तिसरी शिकलेला. धुळ्यात आमच्या लुथरन मंडळीच्या चर्चची घंटा मी बावीस वर्षं वाजवली. बाकं पुसली, प्रभुभोजनाचे पेले धुतले. घर पारोळा रस्त्याला, अठरा घरांच्या वस्तीत. पाळकसाहेब तिथे उपासनेला वर्षातून एकदा, नाताळात येत. बाकीच्या रविवारी संध्याकाळची प्रार्थना मी घ्यायचो. बोट ठेवून शास्त्र वाचायचो, मग आमच्या बोलीत सांगायचो. सुरुवातीला दर वेळी म्हणायचो, "पाळकसाहेबांच्या परवानगीनं." हे मला कोणी शिकवलं नव्हतं. वाकायची सवय, दुसरं काय.

त्या वर्षी पत्रक आलं. वस्त्यांसाठी प्रचारक नेमायचे. सहा महिन्यांचा वर्ग, मग परवाना. परवाना असला की लेकरांना बाप्तिस्मा देता येतो, मेलेल्याला प्रार्थना करून माती देता येते. शिक्षणाची अट नाही. आमच्या वस्तीत पाळकसाहेबांची वाट बघत प्रेतं दुपारपर्यंत उन्हात पडून राहिलेली मी पाहिली आहेत. शास्त्रात ज्याला पाचारण म्हणतात ते मला कधीच झालं होतं. कागद तेवढा बाकी होता. मी अर्ज दिला.

शनिवारी दुपारी कमिटीनं चर्चच्या तयारीच्या खोलीत बोलावलं. अध्यक्ष हेडमास्तरसाहेब, रिटायर झालेले. दवाखान्याच्या मेट्रनबाई. आणि आमचे पाळकसाहेब. चौथी खुर्ची रिकामी होती. तिच्यावर बाईंची पर्स होती. मी उभा.

"प्रार्थना करून दाखव," हेडमास्तर म्हणाले.

मी डोळे मिटले. "देवबाप, तू आमना जोडे शे. तू बठ्ठासनं ऐकस..."

"थांब, थांब. शे? हे काय रे? शेणातला शे का?"

बाईंनी तोंडाला रुमाल लावला. "अहो, मला वाटलं शेळीतला," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "साहेब, देव आमच्याजवळ आहे, सगळ्यांचं ऐकतो, असं म्हणालो. आमच्याकडे 'आहे'ला 'शे' म्हणतात. देवाला कळतं."

"देवाला कळत असेल. देवघरात ही भाषा चालायची नाही. उद्या वेदीपुढे उभा राहशील आणि शे शे करशील. लोक म्हणतील, लुथरन लोकांनी गोठ्यातून माणूस आणला." मग पाळकांकडे वळून म्हणाले, "काय हो, तुमचं काय मत?"

पाळकसाहेब म्हणाले, "माणूस कामसू आहे. पण अडाणी." आणि मान खाली घालून हसले. खांदे हलत होते, ते मला दिसले.

मग तो झगा. मग माझं 'हो'.

घरी आलो. ऊन उतरलं होतं. बायको हौदापाशी भांडी घासत होती. झगा बघून म्हणाली, "हाऊ कोना शे?"

"पाळकसाहेबना."

"मंग तू कसाले लयना?"

तू का आणलास, एवढंच तिनं विचारलं. मी झगा बादलीत बुडवला. पाणी काळं झालं. कच्चा रंग. साधं बाजारचं कापड. त्या काळ्या पाण्यात हात घालून मी बसलो आणि मला अक्का आठवली.

अक्का म्हणजे पाळकसाहेबांची आई. शिरपूरकडची, आमचीच बोली बोलणारी. आदल्या वर्षी अंथरुणाला खिळली होती. शेवटच्या दिवशी पाळकसाहेब उशाशी बसून शुद्ध मराठीत प्रार्थना करत होते. अक्कानं तोंड भिंतीकडे फिरवलं. म्हणाली, "तुनं माले समजत नही. घंटावाला नानाले बलाव." मी गेलो. तिचा हात धरला आणि हीच प्रार्थना म्हणालो. आमना जोडे शे. तिनं 'आमीन' म्हटलं आणि ती गेली. पाळकसाहेब दाराशी उभे राहून रडत होते. माझे दोन्ही हात धरून म्हणाले होते, "नाना, तुमचे उपकार."

तोच माणूस आज हसला. त्याला 'शे' कळत होतं. त्या तिघांत त्या एकट्यालाच कळत होतं.

माझा राग हेडमास्तरवर राहिलाच नाही. राग आला माझ्या 'हो'वर. झगा पिळला, तारेवर टाकला. इस्त्री पेटवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढली. चर्चमध्ये पाळकसाहेब तयारीच्या खोलीत होते. मी चुरगळलेला झगा टेबलावर ठेवला. त्याच्यावर चर्चची किल्ली ठेवली.

"नाना, इस्त्री? आणि ही किल्ली कशाला?"

मी म्हणालो, "साहेब, अक्काले समजनं व्हतं."

ते पांढरे पडले. मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "पहिल्या घंटेची वेळ झाली. घंटा कोण वाजवणार?"

"शुद्ध बोलणारा बघा."

सायकल दामटत वस्तीवर आलो. लिंबाला नांगराची जुनी लोखंडी तबकडी घंटेसारखी बांधलेली होती, ती लोखंडानं बडवली. संध्याकाळची माणसं सकाळीच गोळा झाली. कोणी विचारलं, आज चर्चला सुट्टी का? मी म्हणालो, मला सुट्टी. मग उभा राहिलो. दर वेळचे ते शब्द ओठांवर आले. पाळकसाहेबांच्या परवानगीनं. ते गिळले. आणि लिंबाखालच्या शेवटच्या म्हातारीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो, "देवबाप, तू आमना जोडे शे."