शेखलालची रंगीत तालीम

शाळा उघडायला आठवडा राहिला, की सकाळी सव्वाआठच्या ठोक्याला शेखलालची रिक्षा शुक्रवार पेठेत शिरते. शाळा बंद असतानाच. गल्लीगल्लीतनं सहा पोरं गोळा करायची, शाळेच्या कुलूपबंद फाटकापर्यंत न्यायची, प्रत्येकाला फाटकाला हात लावायला सांगायचं, समोरच्या लिंबाखाली डबे उघडायचे आणि पोरं परत घरी सोडायची. सोमवार ते शनिवार, सलग सहा दिवस. या फेऱ्यांचं तो काही घेत नाही. पेठेतले लोक याला शेखलालची रंगीत तालीम म्हणतात. त्याची बायको गुलबानो याला याड म्हणते.

"दुनिया सुट्टीचं झोपती, अन् तुमी पेट्रोल जाळीत हिंडता. कुनी सांगितलंय का?"

सांगितलं कुणीच नव्हतं. रिक्षा घेण्याआधी शेखलाल चादरीच्या कारखान्यात मागावर होता. नवा ताणा, म्हणजे उभे धागे, चढवला की लगेच मोटार लावायची नाही, आधी माग हातानं फिरवून बघायचा. धागा कुठं अडतो, कुठं तुटतो, ते तेव्हाच कळतं. कारखाना बंद पडला, माग भंगारात गेले, ही सवय तेवढी अंगात राहिली. रिक्षाच्या पहिल्याच वर्षी त्यानं बघितलं, की शाळेच्या पहिल्या आठवड्यात सहा घरांत सहा भांडणं होतात आणि बहुतेक सगळी एका मोज्यावरनं. मोजा सापडत नाही, आई पोराच्या पाठीत धपाटा घालते, बाप आईवर खेकसतो, आजी बापाला बोलते आणि पोरगं हुंदके देत रिक्षात चढतं. शेखलाल गुलबानोला म्हणाला, "धागा हितं तुटतोय बघ." दुसऱ्या वर्षीपासून त्यानं तालीम धरली. त्याला आता बावीस वर्षं झाली.

तालमीचे नियम कडक. दप्तर, डबा, पाण्याची बाटली, सगळं खरंखुरं पाहिजे. आईनं उंबऱ्याच्या आतच थांबायचं, रिक्षापाशी आलेली आई म्हणजे दहा मिनिटं गेली. डबे खाऊन झाले, की शेखलाल हँडलला बांधलेली पितळेची घंटी वाजवतो. घंटी वाजली, शाळा सुटली, चला घरी. सोमवारी गल्लीत नुसता कालवा असतो. बुधवारपर्यंत मोजे जाग्यावर येतात. शनिवारी रिक्षा येते तेव्हा फक्त कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात.

यंदा तालमीत दानेश्वरी नवी होती. पहिलीत चाललेली. बालवाडीत चार दिवस जाऊन रडून रडून परत आलेली. बाप नंदीश श्रीपूरच्या साखर कारखान्यात फिटर, रविवारचा तेवढा घरी. आई चंद्रिकेला चिंचोळी एमआयडीसीत काम लागलं होतं आणि कामाचा पहिला दिवस नेमका शाळेच्याच पहिल्या दिवशी आला होता. कंपनीची बस साडेआठला चौकातनं सुटायची. नवी बाई पहिल्याच दिवशी पाळी सोडून गेली, तर दुसऱ्या दिवशी तिला आत घेत नव्हते.

घरात राहायची सासू, ईरम्मा. तिनं सुनेला आधीच बजावलं होतं, "पोरगी रडत माघारी आली तर मी फोन करनार. तू उठून यायचं आन् पुन्ना नोकरीचं नाव काडायचं न्हाय. मला ते रडनं ऐकवत न्हाय, आन् मागं पळाय गुडगं बी न्हायत."

तालमीच्या पहिल्या दिवशी चंद्रिका उंबऱ्याच्या आतनंच म्हणाली, "मामा, माझी नोकरी तुमच्या रिक्षात बसलीया बघा."

"मग खड्डं चुकवून नेतो की," शेखलाल म्हणाला.

सहाही दिवस दानेश्वरी रडली नाही. फाटकाला हात लावायची, लिंबाखाली शेंगापोळी खायची आणि घंटी वाजली की सगळ्यांच्या आधी रिक्षात.

सोमवारी शाळा उघडली. शेखलालनं रिक्षा लिंबाखाली लावली. पाच पोरं उतरून आत पळाली. दानेश्वरी उतरली, उघड्या फाटकाला हात लावून आली, परत रिक्षात बसली, डबा उघडला आणि सावकाश सगळी शेंगापोळी संपवली. मग फ्रॉकला हात पुसत म्हणाली, "झाली शाळा. घंटी वाजवा की मामा."

शेखलालला हसू आलं. मग ते तोंडावरच राहिलं. तोवर शाळेच्या बाई आल्या. त्यांना बघून पोरीनं रिक्षाचा दांडा घट्ट धरला.

"मामाच म्हनले हुते! फाटकाला हात, मग डबा, मग घर! मी लावला की हात!"

पोरीचं काहीच चुकलं नव्हतं. सहा दिवस जे शिकवलं, ते तिनं जसंच्या तसं केलं होतं.

घर दहा मिनिटांवर. तिथं ईरम्मा फोन घेऊन बसलेली. चंद्रिकेची बस एव्हाना बाळे गावाच्या पुढं गेली असणार. दुसरा कुणी असता तर पोरीला उचलून बाईंच्या हातात देऊन मोकळा झाला असता. शेखलालनंही पूर्वी दोन-तीनदा तसं केलं होतं. ती पोरं पुढं महिनाभर रिक्षात चढताना आधी त्याच्या हातांकडं बघायची.

तो खाली उकिडवा बसला.

"दानव्वा, मामा चुकला बग."

"तुमी मोटं हाय की."

"मोटी मानसं लई चुकत्यात. तुज्या मामीला इचार, यादी देईल. सहा दिस मी तुला निम्मीच शाळा दावली. फाटकाला कुलूप हुतं, मी तरी काय दावू? ऱ्हायलेली निम्मी आत हाय."

"आत काय हाय?"

झोका आहे, खेळणी आहेत, असं काहीतरी ठोकून द्यावं असं त्याच्या मनात आलं. पण पोरगी आता त्याचा शब्द न् शब्द धरत होती.

"मला ठाव न्हाय," तो म्हणाला. "बावीस वर्सं हितवर येतो, आत कवाच गेलो न्हाय. तू बगून ये आन् मला सांग."

त्यानं हँडलची घंटी सोडली आणि तिच्या हातात दिली. "ही तुज्यापाशी. शाळा सुटली की भाईर येऊन तू वाजवायची. तवर रिक्षा सुटत न्हाय."

"आतच वाजवली तर?"

"तर बाई काडून घेत्यात. मग आपुन सगळे हितंच मुक्कामाला."

दानेश्वरीनं घंटी फ्रॉकच्या खिशात घातली, पण दांडा सोडेना. "माजा डबा तर संपला."

"आत खिचडी मिळते," बाई म्हणाल्या.

तेव्हा कुठं तिनं दांडा सोडला.

शेखलाल निघाला नाही. आतनं घंटी वाजलीच तर, म्हणून दहा वाजेपर्यंत लिंबाखाली थांबला. दोन वेळा कुणीतरी रिक्षा विचारली, त्यानं मान हलवली.

दोनला शाळा सुटली. दानेश्वरी फाटकात उभी राहून इतका वेळ घंटी वाजवत राहिली, की शिपाई ओरडला.

"आत तीन पंखं हायत," तिनं रिक्षात बसताबसता सांगितलं. "एक फिरत न्हाय. खिचडीत वाटाणं हुतं. एक पोरगं रडलं, मी न्हाय."

दारात ईरम्मा बसलेली. फोन मांडीवर.

"रडली?"

"न्हाय."

"धापर्यंत फोन हातात धरून बसले हुते. तुमची रिक्षा काय माघारी येईना. मग म्हटलं भाकरी तरी थापाव्यात."

संध्याकाळी शेखलाल चौकात रिक्षा पुसत होता. कंपनीची बस थांबली. चंद्रिका उतरली ती सरळ त्याच्याकडंच पळत आली, फोन पुढं धरून.

"मामा, जरा फोन लावा की माझ्यावर. दिसभर वाजलाच न्हाय, बिघडलाय वाटतं."

शेखलालनं फडकं खांद्यावर टाकलं आणि नंबर लावला. तिच्या हातातला फोन वाजला.

"चांगला हाय की," तो म्हणाला, आणि पुन्हा काच पुसायला लागला.