साहेबांची बुबुळं

आमच्या हमरापूरच्या कारखान्यात डोळे काढायच्या आधी मूर्तीला ‘माल’ म्हणतात आणि डोळे काढून झाले की ‘बाप्पा’. मालाच्या सोंडेला कुणीही डब्याची पिशवी अडकवतं, मालाच्या मांडीवर चहाचा कप ठेवला तरी चालतो. बाप्पासमोर मात्र चप्पल घालून उभं राहायचं नाही. दोन्हींत फरक काय, तर माझ्या ब्रशचे दोन ठिपके. डोळे काढण्याच्या या कामाला आम्ही आखणी म्हणतो. लग्न होऊन मी रोह्याहून इथं आले, सासूबाईंनी माझा हात बघितला आणि आखणीला बसवलं, ती अजून उठलेली नाही. गिऱ्हाईक मूर्ती घ्यायला आलं की आधी समोर उभं राहतं, मग जरा डावीकडे सरकतं, जरा उजवीकडे, आणि शेवटी म्हणतं, “हां, आता बघतोय.” एवढं म्हटलं की मूर्ती गेली समजायचं.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्याला माझा हात जबाबदार आहे. मी नाही.

माझे बाबा रोह्याला एकटे राहतात. धाटावच्या कंपनीत त्यांनी आयुष्यभर शिफ्टा केल्या. आई गेली, मी एकुलती एक ती इकडे, तेव्हा घरात उरले बाबा, टीव्ही आणि टीव्हीतले साहेब. साहेब म्हणजे देशाचे मोठे नेते. त्यांचं नाव मी सांगत नाही, चित्राखालीही कधी लिहिलं नाही, आणि लिहायची गरजही पडली नाही. सकाळच्या चहाला साहेब, दुपारच्या जेवणाला साहेब. साहेब भाषणात थांबले की बाबांचा घासही हातात थांबायचा.

एकदा मी रोह्याला गेले होते. एसटीनं खांब गावापासून पुढे माझं एकेक हाड मोजून घेतलं होतं, आणि घरात पाय ठेवते तर टीव्हीवर साहेब सांगत होते की आता देशात खड्डा शोधूनही सापडायचा नाही. मी पाणीही प्यायले नव्हते. म्हटलं, “त्यांना म्हणावं खांबला या, मी दाखवते.”

बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. त्यांनी आवाज कमी केला म्हणजे प्रकरण गंभीर.

“साहेबांबद्दल नीट बोलायला शीक गो. मग ये माझ्या घरात.”

“बरं. नाही येत,” मी म्हटलं आणि त्याच एसटीनं परत आले. माझा राग नाकावर असतो, सासरचे म्हणतात. तो मी माहेरूनच आणलाय. मग महिने गेले. ना त्यांचा फोन, ना माझा. गौरीला मी गेले नाही, भाऊबिजेला मला भाऊच नाही, आणि संक्रांतीला तिळगूळ घेऊन त्यांना गोड बोलायला सांगणं मला जमलं नसतं.

बोलता येत नव्हतं, म्हणून चित्र काढलं. पेणहून एक साप्ताहिक निघतं. त्याचा मालक, संपादक, बातमीदार आणि सायकलवरून अंक वाटणारा हा एकच गृहस्थ आहे. त्याला मी म्हटलं, एक व्यंगचित्र देते, छापायची हिंमत आहे का? त्याला कुणी हिंमतीचं विचारलं की तो फसतो. मी साहेबांना कमरेइतक्या खड्ड्यात उभं केलं. गळ्यात हार, समोर माइक, आणि तोंडात ‘खड्डा कुठाय?’ कपाळ अवाढव्य, हनुवटी लिंबाएवढी. चित्र बघून मी स्वतःशीच हसले. हा अंक रोह्याला बाबांच्या हाती पडणार आणि त्यांचा चहा थंड होणार, एवढीच माझी इच्छा होती. देशाचं मला काही नव्हतं.

अंक आला त्या दिवशी संपादकानं ऑफिसचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि टेबलाखाली पाण्याची बाटली घेऊन बसला. मी कोपऱ्यात उभी होते. साहेबांना मानणारी पेणची मंडळी दुपारी आलीच. शटरखालून वाकून एकेक आत आला. त्यांच्या हातात शाल होती आणि नारळ होता.

“साहेब स्वतः खड्ड्यात उतरले,” त्यांचा पुढारी म्हणाला. त्यानं चित्राला हात जोडले. “कोण उतरतं हो आजकाल? आणि काय डोळे काढलेत!”

तेव्हा मी चित्राकडे नीट पाहिलं. कपाळ थट्टेचं होतं, हनुवटी थट्टेची होती, आणि मधे दोन डोळे होते ते थेट बाप्पाचे. लांब, शांत, पाण्यानं भरलेले, समोरच्याला अभय देणारे. हातानं सवयीनं तसेच काढले होते, मला विचारलंसुद्धा नव्हतं. शाल माझ्या खांद्यावर पडली आणि फोटो निघाला. त्या फोटोत मी रडकुंडीला आलेली दिसते. लोक त्याला नम्रता म्हणतात.

एसटी स्टँडजवळ वडे तळणारी बाई दर आठवड्याला या साप्ताहिकात वडे बांधते. त्या आठवड्यात तिनं कागद बाजूला ठेवले. मी विचारलं तर म्हणाली, “याला तेल कसं लावू गो? बघतोय तो.”

आणि संध्याकाळी बाबांचा फोन. इतक्या महिन्यांनी.

“छान काढलंस गो,” ते म्हणाले. “मला ठावं होतं, तुला कळंल कधीतरी. ये आता. निवट्या मिळाल्यात चांगल्या.”

मी गेले. बाबांनी ते चित्र फ्लेक्सवाल्याकडून मोठं करून आणलं होतं आणि काचेच्या फ्रेममध्ये घालून देव्हाऱ्याच्या वर लावलं होतं. फ्रेमला हार होता. चुलीवर, म्हणजे गॅसवर, निवट्या माशांचं कालवण रटरटत होतं आणि बाबा गुणगुणत होते. मला खरं सांगायचं होतं, पण कालवण फार छान झालं होतं. खरं पुढच्या खेपेला सांगू, असं ठरवून मी दुसऱ्यांदा भात घेतला.

मग दर आठवड्याला मी नवं चित्र काढायला लागले. साहेबांच्या खुर्चीला मुळं फुटली, साहेबांनी रिकाम्या पातेल्यात पळी फिरवली, साहेब आरशासमोर उभे राहून स्वतःलाच टाळ्या वाजवायला लागले. जितका जास्त चावा घ्यावा तितके लोक जास्त हात जोडायचे. चावताना माझे दात पडायचे आणि डोळे तसेच राहायचे. साप्ताहिकाचा खप वाढला. संपादक मला ताई म्हणायचा, तो आता ताईसाहेब म्हणायला लागला. मी डोळे बारीक काढून बघितले, चष्मा घालून बघितला. बारीक डोळ्यांनी साहेब ध्यानस्थ दिसायला लागले आणि चष्म्यामुळे विद्वान. बाबा दर आठवड्याला नवं चित्र मोठं करून फ्रेममध्ये सरकवायचे आणि मला फोनवर त्याचा अर्थ समजावून सांगायचे. पातेल्याच्या चित्रावर म्हणाले, “बघ, देशासाठी स्वतः सैपाक करतात.”

मी फोन ठेवून भिंतीवर डोकं आपटायचे. पण फोन येत होता, तो मला हवा होता, हेही तितकंच खरं.

मग एक दिवस घाईत माझ्या हातून एका मूर्तीचं बुबुळ केसभर सरकलं. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं, डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, स्टुलावर चढलं. “हा काय आमच्याकडं बघत नाय,” म्हणालं आणि शेजारच्या कारखान्यात गेलं. नवरा माझ्यावर उखडला. मी मात्र ब्रश हातात धरून हसत बसले. इतके दिवस मी कपाळ वाढवत होते, हनुवटी कमी करत होते, आणि करायचं होतं ते केसभर होतं.

पुढच्या अंकात साहेब नुसते उभे होते. खड्डा नाही, पातेलं नाही, हसरा चेहरा आणि जोडलेले हात. फक्त बुबुळं मी एवढीशी सरकवली होती.

आणि पेण पेटलं. मंडळी साप्ताहिकाच्या ऑफिसात जमली, अंक भिंतीला चिकटवला आणि एकेक जण समोर उभा राहून बघायला लागला. “माझ्याकडं नाय बघत.” “सरक, मी बघतो.” “इथनं पण नाय.” सगळं ऑफिस हळूहळू भिंतीच्या कडेकडेनं सरकत होतं. शेवटी कुणीतरी नजरेची रेघ धरून बाहेर रस्त्यापर्यंत गेलं आणि ओरडलं, “अलिबागकडं बघतायत!”

मग जो गोंधळ झाला तो काय सांगू! साहेबांची थट्टा झाली म्हणून कुणाला राग नव्हता. पेणनं एवढ्या सभा भरवल्या आणि साहेब अलिबागकडे बघतात, याचा राग होता. पुढच्या अंकात साहेबांनी पेणकडे बघावं, असं निवेदन त्यांनी संपादकाला दिलं. संपादक आनंदानं थरथरत होता. “ताईसाहेब, लागलं!” म्हणाला.

लागलं होतं. रात्री बाबांचा फोन आला.

“गो, हे माझ्याकडं बघत नायत.”

मला आत कुठंतरी गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला सांगू. म्हटलं, “जागा बदलून बघा.”

दुसऱ्या दिवशी फोन. फ्रेम टीव्हीच्या वर लावली होती, तरी बघत नव्हते. मग फ्रिजच्या वर, मग कॉटच्या समोर. “तिथनं ते मोरीकडं बघतात,” बाबा म्हणाले.

“मग जुनं चित्र लावा की.”

“नाय. जुन्यात बघत होते, आता नाय बघत. म्हणजे काहीतरी झालं ना मधी.” फोनमध्ये फ्रेम भिंतीला घासल्याचा आवाज आला. “माझं काय चुकलं गो?”

आता मात्र गुदगुल्या थांबल्या. मग दोन-तीन दिवस फोनच आला नाही, तेव्हा मी एसटी पकडली.

दार उघडंच होतं. बाबा कुठं दिसेनात. हाक मारली तर दाराच्या मागून “हाय, इथं हाय” असा आवाज आला. दाराआड, मीटरच्या खाली, चपलांच्या शेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर बाबा बसले होते. मान एका बाजूला कलती. चहाचा कप खाली फरशीवर. फ्रेम समोरच्या भिंतीवर होती.

“इथनं जरा बघतात,” ते म्हणाले. “मान अशी केली की.”

माझं काळीज चिरलं. पण सवय वाईट असते. मी आधी त्यांच्या मागे जाऊन वाकून बघितलं, खरंच तिथून नजर मिळते का. मिळत नव्हती. आणखी चार बोटं वर हवं होतं.

“बाबा, उठा तिथून,” मी म्हटलं. “ते कुणाकडंच बघत नाहीत. मी मुद्दाम तसं काढलंय.”

“मुद्दाम?”

“व्हय.”

“आणि पातेल्याचं?”

“ते पण. सगळी तुम्हाला चिडवायला काढली होती. खड्ड्याचं पहिलं.”

मला वाटलं, आता टीव्हीचा आवाज कमी होणार आणि मला परत त्याच एसटीनं जावं लागणार.

“खड्ड्याच्या चित्राला मी नारळ फोडला होता,” ते म्हणाले. मग एक चप्पल पायानं सरळ करत म्हणाले, “म्हणजे माझं काय चुकलं नव्हतं?”

“नाही हो बाबा.”

त्यांनी मोठा श्वास सोडला. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो सुटकेचा भाव मला सोसवेना. मी फ्रेम खाली काढली, मागचे चाप उघडले, चित्र बाहेर घेतलं आणि पर्समधून आखणीचा ब्रश काढला. तो माझ्याजवळ असतोच. “दोन मिनिटं थांबा. सरळ करून देते. बसाल तिथून बघतील,” मी म्हटलं. चित्र उजेडात धरलं, तिरकं केलं, बुबुळ किती सरकवायचं त्याचा अंदाज घ्यायला लागले. साहेबांना माझ्याकडून अशी माफी मिळेल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

“राहू दे गो,” बाबा स्टुलावरून म्हणाले.

“होतंच आलंय.”

“राहू दे म्हणतो ना. साहेब दिल्लीत हायत. ते नाय बघत तर नाय बघत.” त्यांनी कप उचलून पुन्हा खाली ठेवला. “तू तर इथं आलीयस. आल्यापासून तू पण त्यांच्याकडंच बघतेस.”

मी ब्रश खाली ठेवला आणि वळले. दाराआड उजेड कमी होता, म्हणून चपला बाजूला सारून त्यांच्या समोर फरशीवर बसले. शर्टाच्या गळ्यात त्यांची मान केवढीशी दिसत होती. धंद्याच्या सवयीनं माझी नजर आधी डोळ्यांवर गेली. इतके डोळे काढले मी, पण हे कधी नीट पाहिले नव्हते. बुबुळाभोवती एक करडी, निळसर कड आली होती. कधी आली, मला माहीत नाही.

बाबांनी मान सरळ केली, जरा डावीकडे सरकले, जरा उजवीकडे.

“हां,” ते म्हणाले. “आता बघतेस.”