पाळतीवरच्या माणसाची खुर्ची

जरीपटका वस्तीत माझ्या समोरच्या घरात एक ताई राहतात. कोठडीत मार खाल्लेल्यांचे, पोलिसांनी उचलून नेलेल्यांचे घरचे लोक मदत मागायला त्यांच्याकडे येतात. दार सताड उघडं ठेवून त्या साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलतात. "हळू बोललं का आपणच गुन्हेगार वाटतो वं," असं मला एकदा म्हणाल्या होत्या.

एका सभेत त्या सरकारविरुद्ध बोलल्या, तेव्हा त्यांच्या घराची झडती झाली. मग साध्या कपड्यांतला एक पोलीस विजेच्या खांबाशी दिवसभर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोटो काढू लागला. मे महिन्यातल्या एका दुपारी तो भोवळ येऊन पडला. ताईच धावत गेल्या, त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं आणि माझ्या मदतीनं त्याला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. तिथून त्या थेट पोलीस ठाण्यात गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, "तुमच्या माणसाले उन्हात काहून उभं करता? त्याले बसाले खुर्ची द्या, सावली द्या."

सारं ठाणं हसलं म्हणे. पण दुसऱ्या दिवशी आमच्या भिंतीच्या सावलीत खुर्ची आली. आता तो आरामात बसून फोटो काढतो.

मला राहवलं नाही. "ताई, तुमाले याचं भेव नाही वाटत?"

"लय वाटते. गल्लीत जीप थांबली का मलेच न्याले आले असं वाटते."

"मग त्याच्यासाठी खुर्ची काहून मागतली?"

त्यांनी माझ्याकडे नवलानं पाहिलं.

"मेला असता ना वं तो."