नाव आपलं आपण सांगा

रेजाई उस्ताच्या आजाराला अक्कल होती, असंच म्हणायला हवं. दुसऱ्या कुणाचं कंबरडं धरलं असतं, पोट धरलं असतं. याचं आधी तोंड धरलं आणि मग डोळे. आणि हा माणूस जाझगर! तेलकुस्तीच्या मैदानात जाझगराचं काम एकच. तेल माखून आलेल्या दोन पैलवानांच्या मधे उभं राहायचं, त्यांचं नाव, बापाचं नाव, गाव खड्या आवाजात पुकारायचं, चार ओळी आशीर्वादाच्या म्हणायच्या आणि जोडी सोडायची. म्हणजे ओळखायला डोळे हवेत आणि पुकारायला तोंड. मेल्या बेहचेतनं नेमकी तीच दोन घरं फोडली.

बेहचेत हे त्या दुखण्याचं नाव. अंगातली सूज, कधी गुडघ्यात, कधी तोंडात फोड होऊन, कधी थेट डोळ्याच्या आत. सतरा वर्षं हे चाललं होतं. डोळा लाल व्हायचा, ठणकायचा, उजेड सोसायचा नाही, मग सूज उतरायची आणि उतरताना थोडी नजर घेऊन जायची. उजव्या डोळ्याला आता दिवस की रात्र एवढंच कळायचं. डावा या वसंतात गेला, म्हणजे अगदी गेला नाही, पण हमामाच्या वाफाळलेल्या काचेतून बघावं तसं दिसायचं. माणूस दिसायचा, चेहरा नाही. गोळ्या चालू होत्या, पंधरवड्याला सुई चालू होती, आणि सुई टोचली की तिथंही फोड!

"गेलेलं परत येणार नाही, उस्ता," बालिकेसिर शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "उरलंय ते धरून ठेवू."

"मग धरा की घट्ट! मीही धरतो," रेजाई म्हणाला होता.

आमच्या चामलीदेरे गावची कुस्ती जूनमध्ये असते. त्याच्या आठ दिवस आधी चहाच्या दुकानात कमिटीचा अध्यक्ष सेलामी त्याच्या शेजारी येऊन बसला. हा सेलामी एकदा खोकल्याशिवाय तोंड उघडत नाही.

"उस्ता, लोक काहीबाही बोलतात. तुला दिसत नाही म्हणून."

"लोकांची तोंडं मोकळी आहेत, सेलामी. माझंच तेवढं फोडांनी भरलंय."

"चेष्टा नको. एक जरी नाव चुकलं ना, तर माइक काढून घ्यावा लागेल तुझ्याकडनं. शहरातनं एक जण येतोय. कागद बघून बोलतो, पण चुकत नाही."

"कागद बघून? उद्या नमाजही कागद बघून पढेल तो!"

दुकानातली माणसं हसली, पण रेजाई चहा अर्धाच टाकून उठला. बावीस वर्षं तो माइक त्याचा होता.

घरी त्याची बायको हाजेर काळ्या तुतीचा पाक घेऊन उभीच होती. फोडांवर तेवढाच उतारा. "सांगून टाक ना त्यांना," ती म्हणाली. "चोरी केलीस का कुणाची?"

"सांगितलं की संपलं, हाजेर. बिच्चारा म्हणतील. आणि बिच्चाऱ्याच्या हातात कुणी माइक देत नाही."

"आणि पकडला गेलास तर?"

"कोण पकडतो बघू!"

त्याच्याकडे युक्ती होती. पैलवानाची चामड्याची तुमान असते, किस्पेत म्हणतात तिला. तिच्या कमरेवर मागच्या बाजूला पितळी चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, पैलवानाचं नाव ठोकलेलं असतं. आणि पुकारताना जाझगराचा हात पैलवानाच्या पाठीवर असतो, ही रीतच आहे. हात जरा खाली घसरला की नाव बोटांना मिळालं. एकदा नाव मिळालं की बापाचं नाव, गाव, आजोबानं कुठल्या साली कुणाला लोळवलं, सगळं डोक्यात तयार. रेजाईचं डोकं कुठं सुजलं होतं?

कुस्तीच्या दिवशी काळा चष्मा लावून तो उभा राहिला. ढोल-सनई सुरू झाली. पाकानं तोंड बधिर केलं होतं, तरी प्रत्येक शब्दाला फोडावर मीठ चोळल्यासारखं होत होतं. पण आवाज? आवाज तोच!

"तेल एका घागरीचं, ऊन एका आभाळाचं,
पाठ कुणाची टेकायची ते काम आता बाहूंचं!"

एक जोडी, दोन, पाच, आठ. एक नाव चुकलं नाही. सेलामीनं शहरातल्या माणसाला खूण करून खाली बसवलंसुद्धा.

नववी जोडी आली. डावीकडच्याच्या कमरेवर बोटं फिरली. य, आ, ल... यालचिन. रेजाईनं छाती भरून घेतली. "डोंगराचा वाघ, मेहमेतचा लेक, यालचिन!"

मग लिंडेनच्या झाडाखालून आवाज आला, "उस्ता, मी इथं आहे! हात प्लॅस्टरात, कलिंगड खातोय!"

अख्खं मैदान फुटलं हसून. झालं होतं असं की यालचिनच्या चुलतभावाची, बुन्यामिनची, तुमान सकाळी उसवली. दुसरी कुठली मिळणार? याची घातली त्यानं. एवढीच गोष्ट. पण रेजाईला ती कुठं ठाऊक! बोटं अजून त्या चुकांवरच होती, आणि लोकांना ती आता दिसत होती.

खोकला जवळ आला. "दे उस्ता. खूप केलंस. आता आराम कर," सेलामी म्हणाला, आणि त्याचा हात माइकवर पडला.

त्या 'आराम'नंच घात केला. रेजाईच्या टाळक्यात सणक गेली. त्यानं माइक हिसकला, चष्मा काढला आणि गवतावर फेकला. दोन्ही डोळे लालबुंद. उन्हानं ते भळाभळा गळायला लागले, तरी त्यानं मिटले नाहीत.

"ऐका! मला दिसत नाही. वसंतापासून लपवलं, चूक झाली. भीत होतो. आता नाही भीत! या मैदानात हरला कोण? ज्याच्या बेंबीनं आभाळ बघितलं तो. माझ्या डोळ्यांना आभाळ दिसत नाही, कबूल. पण माझ्या बेंबीनंही ते अजून बघितलेलं नाही! कुस्ती चालू आहे माझी. आजपासून पैलवानांनी आपलं नाव आपण माझ्या कानात सांगायचं. ज्याला कमीपणा वाटत असेल त्यानं त्या कागदवाल्याकडे जावं!"

कुणी हसलं नाही. सेलामीचा हात हवेतच राहिला. मग तेलानं निथळणारा एक जड खांदा रेजाईच्या खांद्याला लागला आणि कानात आवाज आला, "बुन्यामिन, उस्ता. हलीलचा लेक. चामलीदेरे. तुमान भावाची आहे, माफ कर."

"तुमान कुणाचीही असू दे गाढवा, कुस्ती तुझी कर!" रेजाई माइकवरच म्हणाला आणि त्याचं नाव असं पुकारलं की झाडावरचे कावळे उडाले. झाडाखाली बसलेल्या हाजेरनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलं. रडत होती की हसत होती, तिलाच ठाऊक.

मग रांगच लागली. शेवटी मुख्य जोडीचा पैलवान आला, ज्याचं पोस्टर गावातल्या प्रत्येक भिंतीवर होतं. पोरंटोरं त्याला चालीवरून ओळखतात. तोही वाकला आणि पहिल्यांदाच आखाड्यात उतरल्यासारखं त्यानं स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि गाव सांगितलं. रेजाईनं त्याचा घामेजला कान लाडानं धरून पिळला आणि मग पुकारा केला.

ऊन कललं. बक्षीस द्यायला सेलामी पुढं आला. शेजारी उभा राहून खोकला. रेजाई समोर बघत राहिला. सेलामी पुन्हा खोकला.

"कोण आहे?" रेजाईनं माइकवर विचारलं.

"अरे उस्ता, मी... मी आहे की."

"मी म्हणजे कोण? इथली रीत कळली नाही का?"

सेलामीनं मैदानाकडे बघितलं. सगळं मैदान त्याच्याकडेच बघत होतं. तो वाकला. "सेलामी," तो पुटपुटला. "हसनचा मुलगा. चामलीदेरे."

"मोठ्यानं बोल बाबा," रेजाई म्हणाला आणि माइक त्याच्या तोंडाशी धरला, पण स्वतःच्या हातातून सोडला नाही. "पुढल्या वर्षीही मीच विचारणार आहे."