‘टेस्ट-टू’मध्ये काय होतं

गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या चाकणच्या एका कंपनीत मी कॉम्प्युटर विभागात काम करते. विभाग म्हणजे मी आणि माझे साहेब. माझं माहेर इथून जवळचंच निघोजे गाव, त्यामुळे माझं काम काय हे माहीत नसलेल्या कामगारांनाही मी कुणाची लेक ते माहीत असतं.

कंपनीने सगळा डेटा क्लाउडवर न्यायचं ठरवलं. आमच्या खोलीतला सर्व्हर बंद करायचा आणि कुठेतरी दूर, भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर सगळं ठेवायचं. काम बाहेरच्या लोकांना दिलं होतं. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांचा मेल आला. सहाच्या सहा डेटाबेस नव्या सर्व्हरवर पोचले होते. साहेब म्हणाले, उद्या जुना सर्व्हर पुसून टाक.

“त्याआधी एकदा मोजून घेते,” मी म्हटलं.

“त्यांची यादी आलीये की.”

“सर, ती त्यांनी केलेली. आपण कुठे केलीये?”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. “अर्ध्या तासात कर.”

मला अर्धा तास लागणार नव्हता. आमचं नेहमीचं सॉफ्टवेअर क्लाउडला जोडताना अडकत होतं, म्हणून मी काळ्या स्क्रीनवर पाच-सहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. सर्व्हरला विचारायचं, तुझ्याकडे कोणकोणते डेटाबेस आहेत? त्यातले त्याचे स्वतःच्या कारभाराचे सोडायचे आणि उरलेली नावं छापायची. माझ्याबरोबर शिकलेल्या बऱ्याच जणांना कमांड टाइप करणं जुनाट वाटतं. मला आवडतं. नेमका प्रश्न विचारला की नेमकं उत्तर येतं.

नव्या सर्व्हरने सहा नावं दिली. जुन्याने नऊ.

जास्तीच्या तीनपैकी दोन उघडून पाहिले, ते रिकामे होते. तिसऱ्याचं नाव होतं ‘टेस्ट-टू’.

“टेस्ट म्हणजे कचराच असणार,” साहेब म्हणाले.

मी आत शेवटची नोंद कधीची ते पाहिलं. ती त्याच दिवशी सकाळची होती. डायचा नंबर, तिच्यावर किती पत्रे मारले, धार कधी लावली, अशा नोंदी ओळीने होत्या. डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा पोलादी साचा. मी उठून थेट प्रेस शॉपमध्ये, पत्रे दाबायच्या विभागात गेले.

तिथले सुपरवायझर काका आमच्या शेजारच्या गावचे. मशिनच्या आवाजात त्यांच्या कानाशी जाऊन विचारावं लागलं.

“व्हय, मीच भरतो,” ते म्हणाले. “रोज सकाळी. का गं?”

“कधीपासून?”

“ह्यो कॉम्प्युटर बसवला तवापासून. तुझ्या आदीच्या पोरानं करून दिलं व्हतं, त्यो गेला सोडून. आता वही न्हाई, समदं ह्यातच हाय.”

“काका, उद्या ते पुसलं जाणार होतं.”

त्यांनी हातमोजे काढले. “मग कोणती डाय धारेला कवा काढायची, ते कसं कळलं असतं?”

“पुसलं जाणार नाही आता. मी बघते.”

परत येऊन साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. बाहेरच्या लोकांना स्वतः फोन लावला आणि सहा वाजायच्या आत ‘टेस्ट-टू’ क्लाउडवर आला. दोन्हीकडच्या नोंदी मी मोजल्या, जुळल्या. तरी जुना सर्व्हर शनिवारी पुसू दिला नाही. सोमवारी काकांनी नव्या सर्व्हरवर त्या दिवसाची नोंद भरून दाखवली, त्यानंतरच पुसला.

ती स्क्रिप्ट आता रोज सकाळी आपोआप चालते. क्लाउडवर एखादं नाव वाढलं किंवा गेलं की मला मेल येतो. गेल्या महिन्यात साहेब खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, मलाही शिकव. मी त्यांच्यासमोर कीबोर्ड सरकवला आणि पहिली कमांड सांगायला सुरुवात केली.